वसतिगृहांच्या भोजन समित्यांना खुले पत्र: सॉसेजला चिकन म्हणू नका

प्रति,
वसतिगृहांच्या भोजन समित्या, मेसचे ठेकेदार आणि समितीवरचे विद्यार्थी प्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी मेसचे ठेके नव्याने ठरतात. आठवड्याच्या मेनूचा तक्ता बनतो आणि त्यात ‘नॉनव्हेज’ नावाचा एक रकाना असतो. बुधवारच्या नाश्त्याला चिकन सॉसेज, शुक्रवारी सलामी सँडविच किंवा नगेट्स, रविवारी चिकन रस्सा. तिन्ही दिवशी रकान्यात सारखीच खूण होते आणि ‘आठवड्यातून तीनदा मांसाहार, प्रथिने भरपूर’ असा शेरा पडतो. आमचे म्हणणे या खुणेबद्दल आहे. रविवारच्या रश्श्यातला तुकडा आणि बुधवारचे सॉसेज ही एकाच पदार्थाची दोन रूपे नाहीत. मेनू ठरवताना, भाव काढताना आणि बिल तपासताना ती वेगळी धरायला हवीत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. प्रक्रिया केलेले मांस म्हणजे मीठ, नायट्राइट (मांस टिकवणारा क्षार), धूर, आंबवणे किंवा अशाच उपायांनी चव आणि टिकाऊपणा वाढवलेले मांस. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यात मोडतात. गोठवलेले साधे चिकन मात्र मोडत नाही, कारण थंडी ही काही भेसळ नव्हे. खाटकाकडून समोर दळून घेतलेला खिमाही मोडत नाही. नगेट्स, पॅटी, तयार सीख कबाब हे मधले प्रकरण आहे. त्यात नायट्राइट असेलच असे नाही, पण मीठ, स्टार्च आणि तेल बहुतेकदा असते. पाकिटावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय त्यांच्याबद्दल काहीच ठरवू नये.

आता आकडे. कातडी काढलेल्या, काहीही न लावलेल्या चिकन ब्रेस्टच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २२ ग्रॅम प्रथिने, अडीच ते तीन ग्रॅम चरबी आणि १२० किलोकॅलरी असतात. सोडियम ५० ते ७५ मिलिग्रॅम. लेगच्या मांसात प्रथिने २० ग्रॅमच्या आसपास आणि चरबी चार ग्रॅम. बोकडाचे चरबी काढलेले मटण आपल्याकडे उगाचच ‘जड’ म्हणून बदनाम आहे. त्यात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम दोन-अडीच ग्रॅम चरबी असते. जड असतो तो वरचा तवंग. बोल्हाईचे मटण म्हणजे मेंढीचे. त्यात चरबी बोकडापेक्षा जास्त, म्हणून पुणे परिसरातल्या मेसनी ते घेताना दिसणारी चरबी काढून घ्यावी आणि फोडणीला तेल कमी टाकावे.

बाजारातल्या चिकन सॉसेजच्या पाकिटांवर आकडे कंपनीगणिक बदलतात. ढोबळमानाने १०० ग्रॅममागे प्रथिने १२ ते १५ ग्रॅम, चरबी १२ ते १८ ग्रॅम आणि सोडियम ७०० ते १,००० मिलिग्रॅम दिसते. नगेट्समध्ये प्रथिने तेवढीच, चरबी १५ ते २० ग्रॅम आणि शिवाय १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, म्हणजे वरचे कवच आणि आतला भराव.

समितीने १०० ग्रॅमची तुलना करण्यापेक्षा ‘२० ग्रॅम प्रथिने मिळवायला काय मोजावे लागते’ असा हिशेब करावा. त्यातून खरे चित्र दिसते. समजा पाकिटावर प्रथिने १३, चरबी १६, सोडियम ९०० आणि उष्मांक २१० असे लिहिले आहे. २० ग्रॅम प्रथिनांसाठी १५४ ग्रॅम सॉसेज लागेल, म्हणजे ५० ग्रॅमचे एक धरले तर तीन. त्यातून सव्वातीनशे किलोकॅलरी, २५ ग्रॅम चरबी आणि जवळपास १,४०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाईल. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. इथे ते साडेतीन ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम मिठाची आहे. म्हणजे दिवसाच्या मिठातला ७० टक्के वाटा सकाळी नऊच्या आत संपला. अजून पाव, लोणचे, दुपारची आमटी आणि रात्रीचा रस्सा बाकी आहे.

तीच २० ग्रॅम प्रथिने ९० ग्रॅम कच्च्या ब्रेस्टमध्ये मिळतात. उष्मांक ११० आणि चरबी अडीच ग्रॅमच्या आत. इथे कोणी म्हणेल की चिकन काय अळणी खायचे? मुळीच नाही. किलोमागे सात ग्रॅम मीठ घातले तर चव व्यवस्थित येते. मांसाचे स्वतःचे आणि घातलेल्या मिठाचे मिळून ९० ग्रॅम चिकनमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम होते. सॉसेजच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय हे मीठ तुमच्या आचाऱ्याच्या हातात असते, सॉसेजमधले नसते.

‘कंपनीला मीठ कमी करायला सांगू’ असे काही समित्या म्हणतात. सॉसेज कसे बनते ते पाहिले तर यात फार काही निघणार नाही हे कळते. मांस बारीक दळून त्यात मीठ, बर्फ आणि चरबी किंवा तेल घालून फिरवतात. मीठ दीड ते दोन टक्के असले की मांसातली मायोसिन नावाची प्रथिने सुटी होऊन बाहेर येतात, पाणी आणि चरबी धरून ठेवतात आणि शिजल्यावर तो गुळगुळीत, दाताखाली लवचीक लागणारा पोत तयार होतो. मीठ फार कमी केले तर मिश्रण फुटते, चरबी वेगळी होते आणि पाणी सुटते. म्हणजे सॉसेजमधले मीठ चवीपुरते नसते, ते त्या पदार्थाचे सिमेंट असते. फॉस्फेट (घटकांच्या यादीत आयएनएस ४५०, ४५१; आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) पाणी धरायला मदत करते. स्टार्च आणि सोया प्रथिने भराव देतात. जिथे मांसाच्या जागी पाणी, तेल आणि स्टार्च बसले तिथे १०० ग्रॅममागची प्रथिने २२ वरून १३ वर आली यात नवल नाही. खाटकाने किलोमागे तीनशे ग्रॅम पाणी तोलून दिले तर आपण भांडू. इथे तेच छापील पाकिटात येते म्हणून आपण दर विचारून मोकळे होतो.

सलामी आणि हॅमबद्दल स्वतंत्रपणे थोडे. इटलीतली वाळवून मुरवलेली सलामी आणि आपल्याकडे सँडविचसाठी मिळणारी बहुतेक गुलाबी चकती यांचे नाव तेवढे एक आहे. आपली चकती म्हणजे सॉसेजचेच मिश्रण मोठ्या नळीत शिजवून कापलेले. हॅमचे तसे नाही. ते सहसा अखंड स्नायूचे असते, खारे पाणी सुईने आत भरून बनवलेले. म्हणून त्यात चरबी खरोखर कमी असू शकते आणि पाकिटावर ‘९७ टक्के फॅट फ्री’ हे खरेही असू शकते. पण १०० ग्रॅममागे सोडियम हजार मिलिग्रॅमच्या वर जाते. चरबीचा रकाना पाहून हॅमला पास करणारी समिती परीक्षेतला एकच प्रश्न तपासते आहे.

नायट्राइटबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते, म्हणून जरा नीट सांगतो. यादीत ‘आयएनएस २५०’ म्हणजे सोडियम नायट्राइट. ते क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या अत्यंत घातक जिवाणूची वाढ रोखते आणि शिजल्यावरही मांस गुलाबी ठेवते. म्हणजे ते विनाकारण घातलेले नसते. अडचण अशी की नायट्राइट आणि प्रथिनांपासून सुटणारी अमाइन्स यांच्यातून नायट्रोसामाइन नावाचे, कर्करोगाशी जोडले गेलेले पदार्थ तयार होऊ शकतात, विशेषतः कडक आचेवर तळताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, फ्रान्समधल्या लिओन इथल्या आयएआरसीने, ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात टाकले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, याचा पुरावा पुरेसा आहे, असा त्याचा अर्थ. तंबाखूही त्याच गटात आहे म्हणून ‘सॉसेज म्हणजे सिगारेट’ असे संदेश फिरले. ते चूक आहेत. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका केवढा ते सांगत नाही. धोक्याचा आकडा वेगळा आहे. रोज ५० ग्रॅम खाल्ले तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा हजारात १० जणांना हा आजार होणार असेल, तर तो आकडा १२ च्या जवळ जाईल. एका माणसापुरते हे लहान वाटते. पण चारशे मुलांच्या ताटात आठवड्यातून तीनदा काय पडावे हे ठरवणाऱ्याने ते लहान समजू नये. हेही खरे की हे अभ्यास मुख्यतः डुकराच्या आणि गोमांसाच्या पदार्थांवरचे आहेत. चिकन सॉसेजबद्दलचा पुरावा तेवढा थेट नाही. त्यातले मीठ आणि नायट्राइट मात्र तेच.

हृदयरोगाच्या बाजूने हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे हृदयधमनीच्या आजाराचा धोका ४२ टक्के आणि मधुमेहाचा १९ टक्के जास्त आढळला. प्रक्रिया न केलेल्या लाल मांसाचा हृदयरोगाशी असा संबंध दिसला नाही. दोन्हींतली संपृक्त चरबी सारखीच होती. फरक होता सोडियमचा, जे जवळपास चौपट होते, आणि नायट्रेटसारख्या परिरक्षकांचा. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण बोट कुठे रोखले जाते ते दिसते.

लोहाचा मुद्दा मुलींच्या वसतिगृहांसाठी जास्त महत्त्वाचा आहे, आणि इथे चिकन ब्रेस्टही फार मदतीला येत नाही. व्यायामशाळांनी त्याचे एवढे कौतुक केले आहे की ते सर्वगुणसंपन्न वाटते, पण १०० ग्रॅममागे त्यात एक मिलिग्रॅमही लोह नसते. बोकडाच्या मटणात सुमारे २.८ मिलिग्रॅम आणि कोंबडीच्या कलेजीत नऊच्या आसपास असते. प्रौढ स्त्रीची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची आहे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि राष्ट्रीय पोषण संस्था, २०२०). एका वाटीने ती भरणार नाही, पण मांसातले लोह भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा चांगले शोषले जाते आणि त्याच ताटातल्या डाळीचे लोह शोषायलाही हातभार लावते. कलेजी आठवड्यातून एकदा, ५० ते ६० ग्रॅम पुरे. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून रोज नको आणि गरोदर कर्मचारी महिलांनी टाळलेलीच बरी. कलेजी आतून गुलाबी ठेवण्याची फॅशन वसतिगृहात अजिबात आणू नका.

पैशांकडे वळू, कारण शेवटी बैठक तिथेच अडते. दर किलोचा नको, प्रथिनांच्या ग्रॅमचा काढा. आकडे उदाहरणादाखल घेऊ, तुम्ही तुमच्या गावचे टाका. बोनलेस ब्रेस्ट ४०० रुपये किलो असेल तर त्यात सव्वादोनशे ग्रॅम प्रथिने, म्हणजे ग्रॅमला १ रुपया ७८ पैसे. सॉसेज ३६० रुपये किलो, प्रथिने १३० ग्रॅम, म्हणजे २ रुपये ७७ पैसे. किलोला चाळीस रुपयांनी स्वस्त वाटणारा माल प्रथिनांच्या मापाने दीडपट महाग निघाला. गंमत पुढे आहे. हाडासकट करी कट २६० रुपये किलो धरला, तर किलोतून साडेसहाशे ग्रॅमच मांस निघते, प्रथिने सुमारे १३३ ग्रॅम आणि भाव १ रुपया ९५ पैसे. म्हणजे ‘हाडाचे स्वस्त पडते’ हेही दर वेळी खरे नसते. रश्श्याला हाड हवेच, चव तिथून येते. पण नाश्त्याला बोनलेस घेतले तर ठेकेदाराने नाक मुरडायचे कारण नाही. उरला गॅस आणि मजुरीचा फरक. तो खरा आहे आणि ठेक्यात धरला पाहिजे.

सॉसेज मेसमध्ये का शिरले हे आम्हाला ठाऊक आहे. हाड नाही, मोजून वाढता येते, उणे १८ अंशांवर महिनोन्महिने टिकते, दहा मिनिटांत तयार होते, आणि आचारी सुटीवर गेला तर मदतनीसही तळू शकतो. साध्या मांसाकडे वळताना या सगळ्या सोयी जातात आणि हयगय झाली तर मुले आजारी पडतात. म्हणून मेनू बदलण्याआधी स्वयंपाकघर बदला.

गोठवलेले ब्रेस्ट आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उतरवा. दोन किलोचे पाकीट सुटायला २४ तास लागतात. सकाळी सहाला आठवण झाली म्हणून ते गरम पाण्यात टाकले की बाहेरचे शिजते, आतले कच्चे राहते आणि मधला भाग जिवाणूंना आवडणाऱ्या तापमानात तासभर लोळतो. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. धुण्याने जिवाणू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर मात्र जातात. चिकट वाटले तर कोरड्या टिशूने टिपा. कच्चे मांस फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून. सुरी आणि पाट वेगळे. हे सगळे आचाऱ्याला माहीत असते. चुकते ते गर्दीच्या वेळी, कारण पाट एकच असतो.

सलामीच्या जागी सँडविचमध्ये घालायला चिकन असे करा. शंभर जणांसाठी ७ किलो ब्रेस्ट, माणशी ७० ग्रॅम कच्चे, त्यातून १५ ग्रॅम प्रथिने. तुकडे १८०-२०० ग्रॅमचे आणि सारख्या जाडीचे असू द्या. जाड तुकडा आडवा चिरा, नाहीतर पातळ टोक चामडे होते आणि मधला भाग कच्चा राहतो. किलोला दीड लिटर पाणी, सात ग्रॅम मीठ, ठेचलेले आले-लसूण, मिरी, तमालपत्र. पाण्याला उकळी आणा, तुकडे सोडा, परत उकळी यायला लागली की आच एवढी कमी करा की पाणी नुसते थरथरले पाहिजे. १२ ते १५ मिनिटे, मग गॅस बंद करून झाकण ठेवून पाच-सात मिनिटे. सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्ये प्रोब थर्मामीटर खुपसा. ७४ अंश सेल्सियस दिसले की झाले. ब्रेस्टमध्ये चरबी नसल्यामुळे ८० च्या पुढे गेले की प्रथिने आक्रसून पाणी पिळून टाकतात आणि मुले म्हणतात, ‘त्यापेक्षा सॉसेज बरे होते.’ कुकरच्या दोन शिट्ट्यांनी ब्रेस्टचा काथ्या होतो. कुकर हवाच असेल तर त्यात लेग टाका. थर्मामीटर बरोबर आहे का ते बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहा, शून्य दाखवायला हवे.

शिजलेले मांस खोल पातेल्यात गार होत नाही. वरून थंड लागते आणि आत दोन तासांनीही कोमट असते. दोन इंच खोलीच्या परातींमध्ये पसरा. पहिल्या दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांच्या खाली यायला हवे. पूर्ण गार झाल्यावर धाग्यांना आडवे कापा, तीन मिलिमीटरचे काप सुरेख पडतात. गरम असताना कापले तर चुरा होतो. दोन दिवसांत संपवा. ब्रेडला लोणी फासण्यापेक्षा हिरवी चटणी आणि टांगलेले दही लावले तर कोरडेपणाची तक्रार येत नाही. जे पाणी उरते ते त्याच दिवशीच्या रश्श्यात घाला आणि त्या रश्श्यात मीठ शेवटी, चाखून.

तव्यावरच्या प्रकारासाठी किलोला दीडशे ग्रॅम दही, ३० ग्रॅम आले-लसूण, हळद, तिखट आणि तेच सात ग्रॅम मीठ. चार ते सहा तास फ्रिजमध्ये. कच्ची पपई लावत असाल तर तासाभराच्या पुढे ठेवू नका, बाहेरून लगदा होतो. आणि एक आवर्जून: हेच चिकन मैद्यात घोळून तळले तर सॉसेज सोडून काही कमावले नाही. ‘चिकन ६५’ महिन्यातून एकदा करा, मुले दुवा देतील. फक्त त्याला आहारातला बदल म्हणू नका.

खिम्याला बोकडाचा पुठ्ठा किंवा रान हा मांसल भाग सांगा आणि समोर दळून घ्या. आधी दळून ठेवलेल्या खिम्यात चरबी किती गेली हे कळायला मार्ग नाही. तव्यावर चमचाभर खिमा बिनतेलाचा परतून पाहिला तर लगेच समजते. अखंड तुकड्यावरचे जिवाणू पृष्ठभागावर असतात, दळल्यावर ते सगळीकडे मिसळतात. म्हणून खिमा आणला त्याच दिवशी शिजवायचा. शंभर जणांना ५ किलो खिमा आणि अडीच किलो मटार पुरतात. पाव मोजून द्या, नाहीतर खिमा कमी आणि पाव जास्त होतो.

रश्श्यासाठी माणशी २०० ग्रॅम करी कट धरा, म्हणजे १३० ग्रॅम मांस. वाढताना होणारे वाद मांसाच्या प्रमाणापेक्षा मानेच्या आणि पाठीच्या तुकड्यांवरून होतात. ते तुकडे बाजूला काढून रश्श्याच्या पाण्याला वापरा आणि वाढायला छाती व लेगच ठेवा. ठेकेदाराचे माप तेवढे वाढवून द्या.

आणि ज्या सकाळी हे काहीच जमणार नाही, त्या सकाळी अंडी. तीन अंड्यांत १९-२० ग्रॅम प्रथिने, सव्वादोनशेच्या आतबाहेर किलोकॅलरी, आणि उकडायला सॉसेज तळण्याएवढाच वेळ.

पाकीटबंद चिकन घेत असाल तर सोडियमचा रकाना जरूर पाहा. साध्या चिकनचे सोडियम १०० ग्रॅमला ५० ते ९० मिलिग्रॅम असते. तिथे ३०० दिसले तर त्यात खारे पाणी भरलेले आहे, मग पाकिटावर कितीही साधे चित्र असो. पोषणाच्या तक्त्यात कर्बोदके दिसली तर तीही मांसाची नाहीत, शुद्ध मांसात ती जवळपास नसतातच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. चिकननंतर लगेच पाणी आणि तेल आले तर काय विकत घेतोय ते उघड आहे. ‘हाय प्रोटीन’ या शिक्क्याने मात्र भुलू नका. १०० ग्रॅम घन पदार्थात दिवसाच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असली की तो शिक्का मारता येतो, म्हणजे साधारण ११ ग्रॅम. बहुतेक सॉसेज त्यात बसतात. तो शिक्का मिठाबद्दल एक अक्षर बोलत नाही. उलट ‘लो सोडियम’ म्हणायला १०० ग्रॅमला १२० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि खाटकाकडचे साधे चिकन कोणताही शिक्का न लावता तीत बसते.

हे पत्र सॉसेजवर बंदी घाला म्हणून लिहिलेले नाही. गोव्यात चोरिसाची, म्हणजे तिथल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळ घरात टांगलेली असते, पण तिचे दोन-चार मणी बटाट्याच्या किंवा कांद्याच्या अख्ख्या भांड्याला पुरतात. व्हिनेगर, मिरची, लसूण आणि मीठ यांचा तो मसालाच असतो. आपल्याकडचे सुकट आणि सुके बोंबीलही असेच, भाताबरोबर चिमूटभर. खारवलेला पदार्थ तोंडी लावायला हे आपल्या ताटाला जुने माहीत आहे. वसतिगृहांनी त्याचे मुख्य अन्न केले, ही नवी गोष्ट.

नव्या ठेक्यात पुढील कलमे घालावीत, अशी विनंती आहे. प्रक्रिया केलेले मांस महिन्यातून दोनदापेक्षा जास्त नाही आणि एका वेळी माणशी ५० ग्रॅमच्या वर नाही. त्या दिवशी सोबत अंडे किंवा उसळ. मेनूत ‘चिकन’ असे मोघम न लिहिता ‘करी कट’, ‘ब्रेस्ट’, ‘खिमा’, ‘सॉसेज’ असे लिहायचे आणि कच्च्या मांसाचे माणशी वजन कंसात द्यायचे. प्रत्येक बिलावर पुरवठादाराचा १४ अंकी एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक. माल उतरवताना तापमानाची नोंद: ताजे चिकन ५ अंशांच्या वर आले तर परत, गोठवलेल्या पाकिटात आतून बर्फाचे खडे दिसले तर तेही परत, कारण ते एकदा सुटून पुन्हा गोठले असण्याची शक्यता असते. स्वयंपाकघरात दोन प्रोब थर्मामीटर, एक बिघडतोच. महिन्यातून एकदा विद्यार्थी प्रतिनिधीने न सांगता यावे, वाढण्याआधी दहा ताटांतले मांस तोलावे आणि आकडा फलकावर लावावा. तोलताना शिजलेले वजन कच्च्याच्या ७० ते ७५ टक्के भरते हे लक्षात ठेवा, नाहीतर प्रामाणिक ठेकेदाराशी नाहक भांडण होईल.

कळावे,

आहारशास्त्र आणि सामूहिक स्वयंपाकघरांच्या कामातले आम्ही काही जण